दिवा असेल त्याच दारी

ताई, नमस्कार.

आम्ही मार्चमध्ये पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. ओक ट्री रोडपासून जवळच एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. मुलीने ऑगस्टपासूनच ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनचा धोशा लावलाय, आणि तिला ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे सोंग घेऊन दारोदार खाऊ मागायला, न्यायचं कुठे यावर घरात रोज वाद. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आधीच्या शनिवारी ट्रंक ऑर ट्रीट आहे, म्हणजे घरांऐवजी गाड्यांच्या डिक्यांतून खाऊ. मॉलमध्येही असतं म्हणे. नवऱ्याच्या ऑफिसमधले एक गृहस्थ सांगतात, अर्ध्या तासावर मोठमोठ्या बंगल्यांची वस्ती आहे, तिथे न्या, अख्खे चॉकलेटबार देतात. शेजारीण म्हणते, कशाला लांब जाता, इथेच फिरा की. मला तर अनोळखी दारं वाजवायचीच भीती वाटते. कँडीत ब्लेड सापडल्याचे, औषध घातल्याचे मेसेज दरवर्षी येतात. त्यात मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. आणि सासूबाई सध्या इथेच आहेत, त्या म्हणतात, "आपली पोरं दारोदार भीक मागणार का?" मी काय करू?

— ओक ट्री रोडजवळची एक आई

*

अगं, चारातली एक जागा मी लगेच बाद करते, म्हणजे तुझा घोळ तेवढा कमी. ती बंगल्यांची वस्ती. ऑफिसमधल्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग आणि अख्ख्या चॉकलेटबारचा मोह सोड. आम्हीही एकदा त्याच मोहाने गेलो होतो.

आमचा मोठा तेव्हा सहा वर्षांचा. मावळा झाला होता. डोक्याला फेटा, कमरेला शेला, वर आजीची काळी शाल. (लोक त्याला अल्लादीन म्हणायचे आणि तो प्रत्येकाला मावळा म्हणजे काय ते समजावत बसायचा. निम्मी संध्याकाळ त्यातच गेली.) घरं देखणी होती, पण एकेक घर एकेक एकरात. रस्त्यापासून दारापर्यंत चढाचा ड्राइव्हवे, दोन घरांच्या मध्ये नुसती झाडी आणि साइडवॉक नावालाही नाही. म्हणजे एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर रस्त्यावरूनच. आमच्यासारखेच बाहेरून आलेले आईबाप पोरांना एका घरापाशी उतरवत होते, गाडी हळूहळू पुढे घेत होते, पुन्हा चढवत होते. तेवढ्यात अंधार पडला. एका ड्राइव्हवेतून मिनिव्हॅन मागे येऊ लागली. तिचे मागचे दिवे पेटलेले मला दिसले, पण आमचे चिरंजीव पुढच्या घराकडे बघत पळत सुटलेले, कानावरून फेटा, अंगावर काळी शाल, म्हणजे ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "थांब रे!" मराठीत. मुलगा थांबला नाही. गाडी चालवणारी बाई थांबली.

त्या संध्याकाळी तासाभरात नऊ घरं झाली. चॉकलेटबार खरंच मोठे होते.

तुझ्या पत्रात ब्लेड आहे, औषध आहे, अनोळखी माणूस आहे. गाडी कुठेच नाही. 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास आला होता. हॅलोवीनची संध्याकाळ एकीकडे, आणि बरोबर आठवडाभर आधीची नि आठवडाभर नंतरची संध्याकाळ दुसरीकडे ठेवून त्यांनी पाहिलं. पायी चालणाऱ्यांचा जीव जाण्याचा धोका हॅलोवीनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये तर सुमारे दहापट. संध्याकाळी सहाच्या आसपासची वेळ सगळ्यात वाईट. लगेच घाबरून घरात बसू नकोस. एवढ्या मोठ्या देशात मिळून एका हॅलोवीनला सरासरी चार मृत्यू जास्त, असा तो हिशेब आहे. पण तुझी लेक नेमकी सात वर्षांची आहे, तेव्हा जागा निवडताना आधी रस्ता बघायचा. सजावट, कँडी, मोठी घरं हे सगळं त्याच्या नंतर.

आणि वेळ. ३१ ऑक्टोबरला इथे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. हीसुद्धा चैनच म्हणायची. २००७ च्या आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच घड्याळं मागे जायची, त्यामुळे हॅलोवीनला साडेपाचलाच काळोख. आता ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी फिरतात, म्हणून तुला उजेडाचा तास मिळतो. तो वाया घालवू नकोस. इथे लहान मुलं शाळा सुटल्यावर चार-साडेचारपासूनच बाहेर पडतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पावणेपाचला नीघ आणि अंधाराबरोबर घरी ये. काही गावं वेळ ठरवून देतात, तेवढी टाऊनशिपची सूचना आधी बघून ठेव. आदल्या रात्री, म्हणजे ३० तारखेला, मात्र पोरांना घेऊन उगाच हिंडू नकोस. न्यू जर्सीत तिला 'मिस्चिफ नाइट' म्हणतात. टवाळ पोरं झाडांवर टॉयलेट पेपरच्या माळा चढवतात, गाड्यांवर अंडी फोडतात. होळीसाठी शेजाऱ्यांची लाकडं पळवणाऱ्या गावातून आलेल्या मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही, पण सकाळी काचेवरचं वाळलेलं अंडं खरवडताना आपल्या शिमग्याबद्दलचं प्रेमही जरा कमी झालं.

आता रस्ता कसा ओळखायचा ते सांगते. आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी, साडेपाचच्या सुमारास तिथे स्वतः चालून ये. गाडीतून नको, गाडीतून सगळेच रस्ते चांगले दिसतात. साइडवॉक सलग आहे का, की मध्येच संपून हिरवळीत शिरतो? दिव्याचे खांब आहेत का? घरांची दारं रस्त्याजवळ आहेत का? दार जवळ असेल तर तू साइडवॉकवर उभी राहून लेकीला दारापर्यंत जाताना पूर्ण वेळ बघू शकतेस. गल्ली पुढे बंद होत असेल किंवा वळून स्वतःलाच मिळत असेल तर उत्तम, कारण तिथे शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या येत नाहीत. आणि भोपळे मोज. दहा घरांपैकी सहा-सात दारांत भोपळा, जाळी, सांगाडा काहीतरी असेल तर त्या गल्लीत मुलांची वाट बघणारी माणसं राहतात. हल्ली तो बारा फुटी सांगाडाही अंगणाअंगणात उभा असतो. तुझ्या धाकट्याला त्याची ओळख दिवसाउजेडी करून दे, नाहीतर तो त्याच्यासमोर उभा राहून भोकाड पसरेल आणि तुमची संध्याकाळ तिथेच संपेल.

तुझ्या जवळपास असे रस्ते शोधायला फार हिंडावं लागणार नाही. एडिसनच्या पोटातच मटचन आहे, चारी बाजूंनी एडिसनने वेढलेलं छोटंसं गाव. जुनी, एकमेकांना लागून असलेली घरं आणि चालता येईल असे रस्ते. एडिसनमध्येही अशा गल्ल्या आहेत, फक्त सगळ्या तशा नाहीत. एकाच भागात या टोकाला साइडवॉक आणि त्या टोकाला नुसतं गवत असं दिसेल. न्यूयॉर्क शहराने तर २०२२ मध्ये हॅलोवीनच्या संध्याकाळी कितीतरी रस्ते गाड्यांना बंद ठेवून मुलांना मोकळे करून दिले, 'ट्रिक ऑर स्ट्रीट्स' असं त्याला नावही दिलं. कुणी नातेवाईक तिकडे राहत असतील तर विचारून बघ.

पण माझा खरा कल तुझ्या शेजारणीकडे आहे.

दोन-चार दारं तरी ओळखीची असतील अशी जागा निवड. कारण ही सगळी मजा दार उघडणाऱ्या माणसात असते. मुलगी घंटी वाजवते, आतून पावलांचा आवाज येतो, दार उघडतं आणि कुणीतरी मोठं माणूस तिला बघून "अरे बापरे!" म्हणतं. तो क्षण मॉलमधल्या काउंटरवर मिळत नाही. कॉम्प्लेक्समध्ये अडचण वेगळी असते. निम्मे लोक कँडी आणत नाहीत, निम्मे घरी नसतात आणि कुणाचं दार वाजवावं तेच कळत नाही. त्यावर साधा उपाय आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर लीझिंग ऑफिसला विचारून टपालपेट्यांपाशी एक कागद लाव. ज्यांना मुलांनी यावं असं वाटतं त्यांनी फ्लॅट नंबर लिहावा आणि त्या दिवशी दारावर कागदी भोपळा चिकटवावा. ते भोपळे तुझ्या लेकीलाच कापायला बसव. पंधरा दारं जमली तरी पुष्कळ. तीन वर्षांच्या पायांना तेवढंच झेपतं. एकाच गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघ: दोन इमारतींमधला पार्किंग लॉट. मुलं या जिन्यातून उतरली की त्या जिन्याकडे सरळ धूम ठोकतात, आणि त्याच वेळी लोक ऑफिसातून गाड्या घेऊन परतत असतात. तिथे हात धरायचाच. सात वर्षांच्या बाईसाहेब कितीही चिडल्या तरी.

दाराचा शिष्टाचार तिला आधीच सांगून ठेव. बाहेरचा दिवा लागलेला असेल तरच त्या दारात जायचं. दिवा बंद म्हणजे घरात कुणी नाही, किंवा कुणाला नको आहे, किंवा कँडी संपली आहे. कारण काय ते आपण विचारायचं नाही. 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणायचं, एक घ्यायची, 'थँक यू' म्हणायचं, पुढे. पायरीवर नुसताच वाडगा ठेवलेला असेल तरी एकच. आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, कुणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी. हे आपल्या मुलांना सांगावंच लागतं, कारण आपण त्यांना जन्मभर उलटं शिकवलेलं असतं: "बाहेर काय उभा राहिलास, आत ये!"

मॉलबद्दल थोडक्यात. पाऊस असेल, कडाक्याची थंडी असेल, धाकटा सर्दीने बेजार असेल तर मॉल बरा. ऊब असते, स्ट्रोलर चालतो, गाड्यांची भीती नाही. पण रांगा लांब असतात आणि उशिरा गेलं तर वाडगे रिकामे, म्हणून सुरुवातीलाच जा. गर्दीत हात सुटतो, तेव्हा दोघांच्याही खिशात तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव.

ट्रंक ऑर ट्रीट मात्र मला लहान मुलांसाठी मनापासून आवडतं. लोक आपापल्या गाडीची डिकी सजवून ओळीने उभी करतात, एखादीत कोळ्यांची जाळी, एखादीत समुद्र, एखादीत नुसतेच फुगे, आणि मुलं या डिकीकडून त्या डिकीकडे. तुझ्या धाकट्याची ती रंगीत तालीमच होईल. कपडे टोचतात का, मुखवटा सहन होतो का, तोंडातून 'ट्रिक ऑर ट्रीट' निघतं का, सगळं आधीच्या शनिवारीच कळेल. शाळेला दोन गोष्टी विचार: सगळ्या गाड्या लागल्यावर लॉटचं तोंड बंद करतात का, आणि शेंगदाण्याबद्दल काही नियम आहे का. चर्चच्या आवारातही असे कार्यक्रम असतात आणि बहुतेक ठिकाणी कुणालाही जाता येतं; कुणी तुझी जातकुळी विचारत नाही. ब्राँक्स आणि फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांत ऑक्टोबरमध्ये 'बू अ‍ॅट द झू' असतं, तेही दिवसा. मोठ्या थीम पार्कमधले रात्रीचे भुताटकीचे खेळ मात्र आणखी पाच-सहा वर्षं विसर.

आता ते ब्लेड. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं धुंडाळल्या आहेत. दारात अनोळखी माणसाने दिलेल्या खाऊमुळे मूल दगावलं किंवा त्याला गंभीर इजा झाली, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना मिळालं नाही. ज्या घटनेने सगळा देश हादरला ती १९७४ ची, टेक्सासची. आठ वर्षांच्या मुलाच्या कँडीत सायनाइड होतं, आणि ते घालणारा होता त्याचा सख्खा बाप. विम्याच्या पैशांसाठी. तेव्हापासून आपण सगळे दर ऑक्टोबरला शेजाऱ्यांवर संशय घेतो आहोत. तरी घरी आल्यावर पिशवी ओतून बघायचीच: वेष्टन फाटलेलं, उघडं, अनोळखी माणसाने घरी बनवलेलं, सरळ कचऱ्यात. न्यू जर्सीत २०२२ पासून गांजाची दुकानं कायदेशीर आहेत आणि त्यातल्या काही गोळ्या दिसायला अगदी मुलांच्या गोळ्यांसारख्या असतात, तेव्हा ओळखीचं वेष्टन नसेल तर नको. धाकट्याच्या वाट्याच्या कडक गोळ्या, च्युइंगगम आणि पॉपकॉर्नही बाजूला काढ. चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात ते अडकतं.

शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. हा धोका मेसेजमधला नाही, खरा आहे, कारण इथे सगळ्यात जास्त वाटल्या जाणाऱ्या कँडीत रीसेस आणि स्निकर्स आहेत, आणि दोन्हींत शेंगदाणा. आणखी एक खोच आहे. छोट्या आकाराच्या कँडीचे घटक मोठ्या बारपेक्षा वेगळे असू शकतात, आणि सुट्या वेष्टनावर पुष्कळदा यादीच नसते. म्हणून 'हे तर आपण नेहमी खातो' असं म्हणून चालणार नाही. घरातून निघताना मुलीला पोटभर वरणभात घाल. वाटेत एकही गोळी तोंडात नाही, हा नियम दोघांनाही, म्हणजे तिला एकटीला वाईट वाटणार नाही. एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीचा झटका आला तर द्यायचं इंजेक्शन, तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत, गाडीत नाही. दारादारात तिला "यात शेंगदाणे आहेत का" असं विचारायला लावू नकोस. देतील ते घेऊ दे, निवड घरी. ओळखीच्या तीन-चार घरांत मात्र आधीच तिला चालणारी कँडी नेऊन ठेव. त्या माणसांनी आपल्यासाठी खास काहीतरी ठेवलंय असं तिला वाटेल. ते तू आदल्या दिवशी नेऊन दिलंस हे तिला पुढे कधीतरी कळेलच.

आणि मोरपिशी भोपळे शोध. दारात त्या रंगाचा भोपळा असेल तर त्या घरी खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल, चमकणारी कांडी असं काहीतरी मिळतं. टेनेसीत अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी ही पद्धत सुरू केली आणि २०१४ पासून 'फेअर' ही अ‍ॅलर्जीवर काम करणारी संस्था देशभर ती चालवते. अशा घरांचा नकाशाही त्यांच्या साइटवर असतो. तुमच्या दारावरचा कागदी भोपळा मोरपिशीच रंगव. तुझ्या मुलीसारखं आणखी कुणीतरी त्या कॉम्प्लेक्समध्ये असेलच.

घरी आल्यावरचा बाजार हा आमच्याकडे सगळ्यात गाजलेला कार्यक्रम. जमिनीवर चादर, त्यावर सगळा माल, आणि भाव ठरवायचे. दोन स्निकर्स दिले की एक स्किटल्स, तीन रीसेस दिले की रात्री अर्धा तास उशिरा झोपायची सवलत. शेंगदाण्याचं सगळं बाबांच्या ऑफिसात. तुझ्या घरी मात्र ते वेगळं करण्याचं काम बाबांनी करायचं आणि हात साबणाने धुवून मगच पोरांजवळ यायचं. तुम्ही शाकाहारी असाल तर स्टारबर्स्ट, कँडी कॉर्न आणि त्या चिवट अस्वलांवरही नजर टाक, त्यांत प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढलेलं जिलेटिन असतं. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

कपड्यांचं मी लांबवत नाही. झग्याची कड घोट्याच्या वर, मुखवट्याऐवजी तोंड रंगवलेलं, आत थर्मल, पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी. कोट वर घालायला लावलास तर आत काय घातलंय ते कुणालाच दिसत नाही आणि मग रडारड. म्हणून पोशाखच एक माप मोठा घे, म्हणजे स्वेटर आत जातो. राजकन्येचा असो की झाशीच्या राणीचा, तलवार वाकणारी हवी. शाळेत तर बहुधा नेऊच देणार नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरातली सांगते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. मी हौसेने पायऱ्यांवर रांगोळी काढली, दोन्ही बाजूंनी पणत्या लावल्या आणि वरच्या पायरीवर कँडीचा वाडगा घेऊन बसले. फोटो छान आले. साडेसहाला एक पाच वर्षांची परी आली, निळा झिरझिरीत झगा, पाठीला जाळीचे पंख. ती वाडग्याकडे वाकली आणि झग्याची कड पणतीवरून गेली. मी पाय पुढे केला आणि पणती सरळ चपलेखाली विझवली. लक्ष्मीला राग आला असेल तर येवो. परीला काही कळलंही नाही, तिने दोन किटकॅट घेतले आणि गेली. तेव्हापासून पायऱ्यांवर बॅटरीचे दिवे, तेलाची पणती फक्त तुळशीपाशी आणि देवघरात. मुलांचा पोशाख घेताना लेबलवर तो लवकर पेट न घेणारा आहे असं लिहिलंय का ते बघ. आणि ओक ट्री रोडच्या परिसरात ज्यांच्या ज्यांच्या दारात पणत्या दिसतील तिथे मुलांना मधून चालव.

राहिल्या सासूबाई. त्यांना भीक वाटते यात त्यांची चूक नाही, शब्दशः बघितलं तर पोरं दारात उभी राहून मागतातच. पण त्यांना विचार, लहानपणी संक्रांतीला डबा घेऊन दहा घरी कोण हिंडलं? दसऱ्याला आपट्याचं एक पान देऊन वडी कुणी मिळवली? भोंडल्याला या अंगणातून त्या अंगणात जाऊन खिरापत ओळखल्याशिवाय घरी कोण आलं नाही? कोकणातल्या असतील तर शिमग्याचं शबय मागणारी पोरं त्यांनी पाहिलीच असतील. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंग घेऊन दारात यायची ती गाणं किंवा कविता म्हणून दाखवायची आणि मग खाऊ घ्यायची. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात आजही दारात विनोद सांगायची रीत आहे. तुझ्या लेकीलाही एखादा विनोद पाठ करून दे. फुकट घेतलं असं मग आजीला म्हणता येणार नाही. आणि १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांनी खाऊऐवजी युनिसेफसाठी नाणी गोळा केली, त्यातून देशभराची प्रथा झाली. हेही सांगून बघ.

पण युक्तिवादाने सासूबाई पटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्यापेक्षा त्यांना घरीच ठेव. दाराशी खुर्ची, अंगावर शाल, मांडीवर वाडगा. तुम्ही बाहेर असताना येणाऱ्या मुलांना द्यायला कुणीतरी हवंच, आणि बोलायचं काय तर फक्त 'हॅपी हॅलोवीन'.

माझ्या सासूबाई आल्या होत्या त्या वर्षी त्याही अशाच फणकारल्या होत्या. खुर्चीत बसल्या, पहिल्या दोन मुलांना एकेक कँडी मोजून दिली. तिसऱ्याला बघून म्हणाल्या, "हा फारच बारीक आहे गं," आणि तीन दिल्या. आठ वाजता वाडगा रिकामा झाला. मी दिवा बंद करायला गेले तर त्यांनी मला आत पाठवून पार्ले-जीचे छोटे पुडे आणायला लावले. तेही संपले, तेव्हा मी पुन्हा बटणाकडे हात नेला.

"थांब," म्हणाल्या, "समोरून अजून एक हनुमान येतोय."

तो गोरिला होता. त्याला आम्ही देवापुढचं सफरचंद दिलं.